हुबेहूबची फूटपट्टी

मे महिना, वेंगुर्ल्याजवळचं आमचं जुनं घर, पडवीत दोन खिळ्यांना ताणून बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यावर मनिला शहर. भाच्याने पुण्याहून येताना वीतभर लांबीचा प्रोजेक्टर आणला होता. जेवणं आटोपल्यावर त्याने जर्नी या अमेरिकन रॉक बँडचा १४ मार्च २००९ चा मनिलातला कार्यक्रम लावला. तिसऱ्या गाण्यापर्यंत भांडण पेटलं. माझा मामेभाऊ, ज्याला घरातले सगळे दादाच म्हणतात, या बँडवर वाढलेला. त्याचे वडील बोटीवर होते. ऐंशीच्या दशकात सुट्टीला घरी येताना ते साबण, परफ्यूम आणि कॅसेटी आणायचे, आणि त्यातल्याच एका कॅसेटवर दादाने जर्नीचा तेव्हाचा गायक स्टीव्ह पेरी याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. चादरीवर मात्र गात होता बँडचा नवा गायक आर्नेल पिनेडा, मनिलाचाच मुलगा. दादा म्हणाला, "ह्यो पेरी न्हय. डुप्लिकेट माल असा." भाचा उसळला, "मामा, डोळे मिटून ऐका ना! सेम आवाज आहे. मग प्रॉब्लेम काय?"

पुढचा तासभर एक जण "तो नाही" म्हणत राहिला आणि दुसरा "अगदी तोच आहे" म्हणत राहिला. गाणी मागे वाजतच होती, ती कुणी ऐकत नव्हतं. हा वाद आमच्या पडवीपुरता नाही. जुन्या बँडने नवा गायक घेतला आणि त्याचा थेट कार्यक्रमाचा व्हिडिओ आला, की जगभर याच दोन वाक्यांत भांडण होतं. मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि दोघांची चूक एकच आहे. एक जण नाकारतो आणि दुसरा डोक्यावर घेतो, पण हातातली फूटपट्टी दोघांचीही तीच: जुन्या रेकॉर्डशी हुबेहूब आहे की नाही. थेट कार्यक्रम मोजायला ही फूटपट्टी मुळात निरुपयोगी आहे. माझं म्हणणं एवढंच, की व्हिडिओ त्या रात्रीचा आहे तर न्यायही त्या रात्रीच्या कामाचा करा. त्या माणसाने, त्या साथीदारांनी, समोर बसलेल्या त्या लोकांपुढे गाणं उभं केलं की नाही, हे बघा.

आधी रेकॉर्डचंच बघू. आपण जिला 'मूळ' म्हणतो ती रेकॉर्ड कुणी एका बैठकीत गायलेली नसते. क्वीन बँडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्याला जरा जास्तच जवळचं आहे, कारण त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी घाटावर, पाचगणीच्या शाळेत शिकला. १९७५ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात मधोमध ऑपेराच्या ढंगाचा तुकडा आहे. स्टुडिओत तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवून तो कोरसचा डोंगर रचला. रंगमंचावर चौघांना तो गाणं शक्यच नव्हतं. म्हणून फ्रेडी हयात असताना, ऐन भरात असतानाही, तेवढ्या भागापुरते चौघे आत निघून जायचे आणि टेप वाजायची. म्हणजे खुद्द फ्रेडीसुद्धा स्वतःच्या रेकॉर्डशी हुबेहूब नव्हता. मग जी परीक्षा मूळ गायक स्वतः पास होत नाही, तिला दुसऱ्याला बसवायचं कशाला? आणि तो पास झालाच, तर त्यात कौतुक कशाचं?

आता 'मूळ' हा शब्दच जरा खरवडून बघा. जर्नी सुरू झाला १९७३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. तेव्हा त्यात स्टीव्ह पेरी नव्हता. सँटानाच्या बँडमधून आलेला ग्रेग रोली गायचा, त्याच बँडमधून आलेला नील शॉन गिटार वाजवायचा, आणि लांबलचक वादनाच्या वळणाचे तीन अल्बम त्यांनी पेरीविना काढले. पेरी आला १९७७ मध्ये. त्या दिवशी 'नवा गायक' तोच होता. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजातला अल्बम बाजारात आला, जो आज त्या बँडची ओळख आहे. पण बॉन स्कॉटसुद्धा पहिला नव्हता, त्याच्या आधी डेव्ह इव्हान्स होता. सगळ्यात गंमत डीप पर्पलची. थेट ध्वनिमुद्रण कसं असावं याचा दाखला म्हणून ज्या अल्बमचं नाव रॉकवेडे माणसं आजही घेतात, तो त्यांनी १९७२ च्या ऑगस्टमध्ये जपानात केला. त्यावर गाणारा इयन गिलन १९६९ ला आलेला, म्हणजे दुसरा गायक. दादाच्या कपाटात ती कॅसेट आहे. तिच्यावर गाणारा माणूस 'डुप्लिकेट' आहे असं त्याला कधी वाटलेलं नाही, कारण त्याच्या आधीच्याला दादाने ऐकलेलंच नाही. आपण पहिल्यांदा ज्याला ऐकलं तो मूळ, एवढाच या शब्दाचा बहुतेक वेळा अर्थ असतो.

आपल्याकडच्या माणसाने तर या बाबतीत गोंधळायलाच नको. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावागावांत देवळापुढे दशावतार उभा राहतो. कंपनीचं नाव मालकाचं किंवा गावाचं, पिढ्यान् पिढ्या तेच. राजपार्टी बदलतो, स्त्रीपार्टी बदलतो, खलपार्टी दुसऱ्या कंपनीत जातो. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं हे रंगपटात तोंड रंगवता रंगवता बोललं जातं, आणि पुढे सगळी हजरजबाबी. अशा ठिकाणी प्रेक्षक तुलना करत नाही असं कुणी समजू नये. पहाटे तीन वाजता गोधडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याइतका निष्ठुर परीक्षक जगात नसेल. अमक्याचा राजा कसा चालायचा, तमक्याची द्रौपदी कशी रडायची, सगळं त्याला पाठ असतं. पण तो नव्या राजाला काय विचारतो? जुन्यासारखा दिसतोस का, हे नाही विचारत. तुझा राजा उभा राहतो का, पेटीवाल्याला सोडून पळतोस का, समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलतोस का, हे विचारतो. नव्याने जुन्याची लकब उचलली तर तीही त्याला लगेच कळते, आणि तेव्हा तो ज्या पद्धतीने खाकरतो ते ऐकण्यासारखं असतं.

इथे दादाच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. दशावतारातला राजा ही भूमिका आहे, ती कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांची आहे. रॉक गायकाचं तसं नसतं. पेरीने ती गाणी नुसती गायली नाहीत, साथीदारांबरोबर रचली. कुठे आवाज चिरायचा, कुठला शब्द लांबवायचा, हे त्याच्याच गळ्याच्या घडणीतून ठरलं. गाणं म्हणजे त्याच्या अंगावर बेतून शिवलेला कोट. तो दुसऱ्याने घातला तर खांद्यात ढिला किंवा काखेत घट्ट होणारच. हे खरं आहे. पण यातून निघतं काय? एवढंच, की दुसऱ्याने तो कोट उसवून स्वतःच्या मापाने घालायला हवा. कोट पेटीत ठेवून डांबराच्या गोळ्या घालाव्यात, असं त्यातून निघत नाही.

आणि हा प्रश्न मराठी रसिकाने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं आणि १८८५ मध्ये ते गेले. मंडळी मात्र किर्लोस्करांच्याच नावाने चालू राहिली. तिचा आवाज होता भाऊराव कोल्हटकरांचा. सुभद्रा म्हणजे भाऊराव, असं समीकरण झालेलं. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, नारायण राजहंस नावाचा कोवळा मुलगा त्याच मंडळीत आला आणि त्याच स्त्रीभूमिका करू लागला. भाऊरावांची पदं कानात साठवलेली पिढी तेव्हा समोर खुर्च्यांवर बसलेलीच होती. त्या पिढीने हुबेहूबची फूटपट्टी काढून "हा भाऊराव नव्हे" म्हणत नाटकगृह सोडलं असतं, तर आपल्याला बालगंधर्व मिळाले असते का?

गोष्ट तिथेच संपत नाही. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतःची मंडळी काढली. किर्लोस्करांत पोकळी झाली. तिथे पुढे आला आपल्या शेजारचाच, मंगेशीचा, दीनानाथ. त्याने बालगंधर्वांचं लाघव गिरवलं नाही, त्याचा गळा त्या वळणाचा नव्हताच. चमकून जाणारी, अंगावर येणारी गायकी घेऊन तो उभा राहिला आणि १९१८ मध्ये त्यानेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली. एकाच जागेवर एकामागून एक आलेले हे दोन गायक, दोघे दोन टोकांचे. मंडळीचं नाव मात्र दोन्ही वेळेला किर्लोस्करांचंच. यातला कोण खरा होता, असं आज कुणी विचारत नाही. विचारलं तर हसं होईल.

दादाचा दुसरा मुद्दा पैशाचा. "नाव जुन्या माणसांनी कमावल्यानी आणि तिकिटा ह्ये विकतत." यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? जुन्या बँडचं नाव ही मालमत्ता असते. जर्नीचंच घ्या, २०२० मध्ये बँडमधल्या जुन्या साथीदारांत या नावावरून कोर्टकज्जा झाला. लोक तारुण्य पुन्हा एकदा विकत घ्यायला येतात आणि बँड ते विकतो, यात फारसं पवित्र काही नाही. नव्या गायकाबरोबर नवी गाणी केली तरी श्रोत्याला जुनीच हवी असतात, ही त्यातली खरी शोकांतिका. पण हा आरोप गायकावर कसा काय? नावाचा व्यवहार मालकांचा. गायकाला विचारायचं ते वेगळं. आणि व्यवहारातही प्रामाणिकपणाच्या पायऱ्या असतात. क्वीनच्या उरलेल्या दोघांनी फ्रेडीनंतर आधी पॉल रॉजर्सबरोबर आणि पुढे ॲडम लँबर्टबरोबर कार्यक्रम केले, तेव्हा बँडच्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून पाहुण्याचं नाव लिहिलं. फ्रेडी १९९१ मध्ये गेला तेव्हा लँबर्ट नऊ वर्षांचा होता. तो मंचावरून स्वतःच लोकांना सांगतो, की फ्रेडी एकच होता आणि दुसरा होणार नाही. मग पुढची गाणी तो स्वतःच्या नखऱ्यात, स्वतःच्या भरजरी कपड्यांत गातो. त्या अधिकच्या चिन्हात मला सभ्यपणा दिसतो. फसवणूक व्हायला आधी काहीतरी लपवावं लागतं.

तिसरा आक्षेप व्हिडिओवरच आहे, आणि तो मला स्वतःलाही सतावतो. थेट कार्यक्रम म्हणून जे विकलं जातं ते कितपत थेट असतं? थिन लिझी बँडच्या १९७८ च्या थेट अल्बमवरून वाद आजही मिटलेला नाही: त्यातलं किती मंचावरचं आणि किती नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेलं, यावर निर्माता एक सांगतो आणि बँडवाले दुसरं. आता तर सूर सरळ करायची यंत्रं आली आहेत. बरं, मनिलाचा कार्यक्रम म्हणजे घरच्या मांडवातलं लग्न. मनिला बेच्या काठावरचं मोकळं मैदान, समोर स्वतःच्या गावची माणसं, आणि मंचावर त्यांचा मुलगा. त्याने नुसती शीळ घातली असती तरी टाळ्या पडल्या असत्या. गर्दीचा जल्लोष हा पुरावा म्हणून मी त्या रात्रीपुरता बाद करायला तयार आहे.

पण सगळंच बाद होतं का? जमीन बघायला गेलेला माणूस दलालाच्या बोलण्यावर जात नाही, विहिरीत वाकून बघतो. व्हिडिओतही वाकून बघायच्या जागा असतात. कॅमेरा दर दोन सेकंदांनी उडी मारत असेल तर संशय घ्या, आणि जिथे तो बराच वेळ गायकाच्या तोंडावर थांबतो तिथे ओठ आणि आवाज जुळतात का बघा. शेवटची तीन गाणी आधी ऐका. पहिल्या गाण्यात सगळेच ताजे असतात. दोन तासांनी गळा कसा आहे, ओळीचं शेवटचं अक्षर पूर्ण येतं की गर्दीकडे माईक करून पळवाट काढली जाते, हे बघा. पट्टी बघा. वय वाढलं की बुवा काळी चारवरून खाली येतात, तसे बरेच जुने बँड अर्ध्या किंवा एका सुराने वाद्यं उतरवून घेतात. यात लाज काही नाही, पण उतरवलेल्या पट्टीत गाण्याचा ताण टिकला का, हे ऐकण्यासारखं असतं. आणि बाकीच्यांकडे बघा. नव्या गायकाच्या मागे ड्रमर त्याला सांभाळत वाजवतोय की तो पुढे रेटतो तसा रेटतोय? जर्नीत त्या काळात डीन कॅस्ट्रोनोव्हो ड्रम वाजवता वाजवता एखाददुसरं गाणं स्वतःच मुख्य आवाजात गायचा. असा माणूस पाठीशी असला की गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळते. एकूण कार्यक्रमाचं गणित अशा गोष्टींवर ठरतं. आमच्या वादात यातली एक तरी गोष्ट आली का? रॉकच्या वादात गायक सोडून बाकी चार माणसं जणू लग्नातल्या खुर्च्या असतात.

याच कसोट्यांवर नवे गायक नापासही होतात, आणि तसं म्हणायला मी कचरणार नाही. आयर्न मेडनमध्ये ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये पॉल डियानोच्या जागी आला आणि बँड उंच गेला. तो सोडून गेल्यावर १९९४ मध्ये ब्लेझ बेली आला. माणूस मेहनती, प्रामाणिक, आवाजही चांगला, पण जरा खालचा. डिकिन्सनच्या उंच पट्टीतली गाणी त्याला बसेनात, आणि ती तर रोज गावी लागत. १९९९ मध्ये डिकिन्सन परत आला. २००७ मध्ये बंगळुरूला हा बँड वाजवून गेला तेव्हा मंचावर तोच होता. बेली कमी पडला तो "ब्रूससारखा नाही" म्हणून का? ब्रूससुद्धा डियानोसारखा नव्हता. गाणं, गळा आणि बँडने त्या गळ्यासाठी केलेली तयारी, या तिघांचं जमलं नाही म्हणून तो कमी पडला. हुबेहूबची फूटपट्टी हा फरक दाखवतच नाही. तिच्यावर यशस्वी ब्रूस आणि अयशस्वी बेली दोघांनाही एकच शून्य मिळतं.

भाच्याचं म्हणणं ऐकायला प्रेमळ वाटतं, पण मला तेच जास्त घातक वाटतं. "सेम आवाज आहे" ही शाबासकी त्या माणसाला कायमची सावली करून टाकते. पिनेडाची हकिकत बघा. आई लहानपणीच गेली, काही काळ मनिलाच्या रस्त्यावर काढला, मग बारमधून गाणं, हाँगकाँगला जाऊन गाणं. दर रात्री दुसऱ्यांची गाणी, कारण गिऱ्हाईक तीच मागतं. आमच्याकडचे बोटीवर जाणारे या मंडळींना चांगले ओळखतात. दादाचा धाकटा भाऊ सांगतो, बोटीवर फिलिपिनो खलाशी असले की रविवारी मेसमध्ये कराओके ठरलेला, आणि इंजिन रूममधला काळवंडलेला माणूस माईक हातात घेऊन असा गातो की बाकीचे जेवण विसरतात. २००७ मध्ये नील शॉन इंटरनेटवर गायक शोधत होता, त्याला पिनेडाचे कुणी टाकलेले व्हिडिओ दिसले. निरोप आला तेव्हा पिनेडाला ती थट्टाच वाटली. त्या व्हिडिओंत तो नक्कलच करत होता, हे मान्य. नोकरी त्याला नकलेवर मिळाली. पण नोकरी कशावर मिळाली आणि माणसाने ती केली कशी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्याच्या निवडीविरुद्ध जे लिहिलं-बोललं गेलं त्यातल्या काहींना वर्णद्वेषाचा वास होता, म्हणजे काही जणांना आवाजाची अडचण नव्हतीच. अशा लोकांना "पण आवाज सेम आहे" हे उत्तर देणं म्हणजे त्याला चेहरा नसता तरी चाललं असतं, असं म्हणण्यासारखं आहे.

आणि चेहरा तर त्याला भरपूर आहे. पेरी मंचावर आपल्या डौलात गायचा. हा एक्केचाळीस वर्षांचा बुटका माणूस धावतो, उड्या मारतो, मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घामाघूम होतो. मला विचाराल तर थोडं कमी धावला असता तर बरं झालं असतं. धावल्याने श्वास तुटतो आणि दोन-चार ठिकाणी ते कळतं. पण ही झाली त्या रात्रीची, त्या माणसाची चूक. ती काढायला पेरीला मध्ये आणायची गरज पडली नाही.

एक हिशेबही सांगून टाकतो. पेरी १९७७ मध्ये आला आणि १९८७ नंतर बाजूला झाला. नव्वदच्या दशकात थोडा काळ परतला आणि कायमचा गेला. पिनेडा २००७ पासून गातो आहे. नुसती वर्षं मोजली तर जर्नीत सर्वांत जास्त काळ गायलेला माणूस तोच. अजून किती वर्षं त्याला 'नवा' म्हणायचं? सूनबाई पंचवीस वर्षं घर चालवत असली तरी काही घरांत ती नवीच असते, हे ठाऊक आहे मला. २०१७ मध्ये जर्नीला रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा पेरी सत्काराला आला. गायला नाही. गायला पिनेडा, आणि त्या प्रसंगी दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ज्याच्या वतीने दादा भांडत होता त्याचं स्वतःचं काही भांडण नव्हतं.

त्या रात्री पडवीत आणखी एक जण होते. शेजारचे आबा. चाळीस वर्षं दशावतारात पेटी वाजवलेली, आता बोटं वाकडी झाली आहेत. इंग्रजी येत नाही, रॉकशी संबंध नाही, नातवाबरोबर आले आणि ओट्यावर टेकून बसले होते. वाद फार चढला तेव्हा भाच्याने त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आबा म्हणाले, गाणं परत लाव. एक संथ गाणं होतं, ते त्यांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "पयल्यान तो दुसऱ्याच्या आवाजात शिरता. मगे आपल्या आवाजात येता. खंय येता, तां बघूक होयां." आणि त्यांनी हवेत बोट उचलून तिसऱ्या वेळेला ती जागा दाखवलीही. तिथे शब्दाचा उच्चार किंचित बदलतो, सूर धरायची पद्धत बदलते, जरासं खडबडीत काहीतरी येतं जे रेकॉर्डवर नाही. भाच्याला ते आधी ऐकूच आलं नव्हतं, कारण तो साम्य शोधत होता. दादाला ऐकू आलं होतं, पण त्याने ती चूक धरली होती.

मग वीज गेली. मेमध्ये जाते तशी, न सांगता. चादर पुन्हा चादर झाली. कुणीतरी आतून कोकम सरबत आणलं, आबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. अर्ध्या-पाऊण तासाने वीज आली तेव्हा मला वाटलं आता सगळे झोपायला जातील. पण दादानेच भाच्याला तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी तो खुर्ची पुढे ओढून, मान कलती करून बसला. गाणं निम्मं होईस्तोवर गप्प होता. मग एकदम वैतागून म्हणाला, "गिटार बघ केवढी वर घेतल्यानी! पोराचो आवाज दाबून टाकल्यानी हंयसर."